अनुभव धागा: घोड्यावरून पडायला कसं शिकलात?

लेकीने ठाण्यात रायडिंग सुरू केलंय, ट्रॉटपर्यंत (दुडक्या चालीपर्यंत) आलीये. आता सर म्हणाले पडायचं शिकवणार, तर सासूबाई माझ्या मागे लागल्यात, अगं पडायचं कशाला शिकवतात! मला मात्र हे फार गरजेचं वाटतं. जे शिकलेत, पडलेत, ज्यांची मुलं शिकतायत, सगळ्यांनी लिहा प्लीज, आणि सविस्तर लिहा.

*

खारघर. आमच्याकडे सुरुवात उभ्या घोड्यावर, इमर्जन्सी डिसमाउंट. आधी दोन्ही पाय रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) बाहेर, हे सगळ्यात महत्त्वाचं, मग पुढे वाकून हात घोड्याच्या मानेवर टेकवायचे, उजवा पाय मागून फिरवून आणायचा आणि खाली उडी, गुडघे मोडलेले, तोंड घोडा चाललाय त्याच दिशेला. उभ्यावर जमलं की चालत्यावर, मग ट्रॉटवर. सर मधेच ओरडायचे "उतर!" की उतरायचं, विचार करत बसायचं नाही. ते अंगात भिनायला वेळ लागतो, मुलगी कंटाळली तरी करू द्या.

*

वाशीला फिजिओ आहे. घोड्यावरून पडलेले माझ्याकडे येतात त्यांच्यात मनगट आणि कॉलरबोनच जास्त, कारण पडताना माणूस हात ताठ पुढे टेकवतो आणि सगळा दणका हातातून खांद्यापर्यंत जातो. हनुवटी छातीला, हात आत, खांद्याच्या मागच्या बाजूवर गोल लोळण घ्यायची, घोड्यापासून लांब. ज्युदोत हेच आधी शिकवतात, उकेमी म्हणतात त्याला, मॅटवर शिकलेलं मूल मातीतही तसंच लोळतं. आणि पडल्यावर मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या असतील तर उठवून बसवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, सरळ 108 लावा.

*

माथेरानचे घोडेवाले दादा सारखं सांगतात ना, "ताई, टाच खाली", ते उगाच नाही. पाय रिकिबीत आरपार घुसला आणि पडलात तर घोडा फरफटत नेतो. थोडी टाच असलेले बूट घ्या तिला, स्पोर्ट्स शूज नकोत.

*

मी चाळिशीनंतर शिकले, येऊरच्या बाजूला. शेजारच्या पत्र्यावर माकडांची टोळी धबाधब उतरली, घोडी बुजली आणि एकदम डावीकडे सरकली, मी उजवीकडे. लगाम सोडला मी, धरून लोंबकळायचं नाही हे पक्कं शिकवलं होतं. आधी खांदा लागला, मग पाठ, आणि तोंडात सगळी वाळू. दंड हिरवानिळा झाला पण हाड एकही नाही, आमच्या सरांचे उपकार आहेत हो.

*

हेल्मेट रायडिंगचंच घ्या, सायकलचं किंवा क्रिकेटचं चालत नाही. एकदा जोरात आपटलं की आतला फोम दबतो, वरून तडा दिसो न दिसो, बदलायचंच. तरी सगळं आपल्या हातात नसतं हेही मुलांना सांगावं. सुपरमॅन सिनेमातला नट क्रिस्टोफर रीव्ह 1995 मध्ये अमेरिकेत स्पर्धेत पडला, हेल्मेट होतं, पण घोडा उडीपाशी थांबला आणि त्याचे हात लगामात अडकले, मानेला मार बसून मानेखालचं शरीर लुळं पडलं. म्हणून बुजरा घोडा नवशिक्याला देऊच नये असं माझं ठाम मत आहे.

*

पडलं की लगेच परत चढवायचं म्हणतात, भीती बसू नये म्हणून. खरचटलं असेल तर ठीक. डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी अजिबात नाही, आधी डॉक्टर, कोणी कितीही म्हणो.

*

फिजिओ ताई, थँक्यू. ऐरोली-कोपरखैरणे बाजूला लहान मुलांचा ज्युदो क्लास आहे का कुठे? माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला आधी तिथेच घालते.