मदत हवी: वडिलांचं कार्ड दवाखान्यात व्हेरिफाय होत नाही, गुरुवारी ऑपरेशन

येळ्ळूर_रोड
वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन गुरुवारी ठरलंय. बेळगावातला दवाखाना. काउंटरवर कार्ड दिलं तर व्हेरिफिकेशन होत नाही म्हणतात. पन्नास हजार डिपॉझिट भरा, नाहीतर तारीख पुढे घ्या. मागच्या वर्षी आईच्या मोतीबिंदूला हेच कार्ड चाललं होतं. दोनदा जाऊन आलो. काय करायचं, लवकर सांगा.

वेदगंगा
कुठलं कार्ड? आयुष्मान, यशस्विनी, ईएसआय की खासगी पॉलिसी? प्रत्येकाची तपासणी वेगळ्या ठिकाणी होते. हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

मलप्रभा_काठ
आयुष्मानच असणार. इथे ती योजना आरोग्य कर्नाटकाशी जोडलेली आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, तेही दीड लाखापर्यंत. खासगी दवाखान्यात जायचं तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, ते फक्त तातडीच्या केसला माफ. हर्निया ठरवून करायचं ऑपरेशन, म्हणजे रेफरल हवंच. आणि आभा कार्ड दाखवत असाल तर तो १४ आकडी नंबर नुसती आरोग्याची ओळख आहे, विमा नव्हे. निम्मे लोक तिथेच अडकतात.

चंदगडी
गाव सीमावादातल्या ८६५ गावांच्या यादीत आहे का बघा. महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागाला लागू केली आहे.

मलप्रभा_काठ
अहो, गुरुवारी ऑपरेशन आहे त्यांचं. २०२४ च्या जानेवारीत त्या योजनेच्या नोंदणी केंद्रांवरून केवढा वाद झाला ते विसरलात का? आता अर्ज करून गुरुवारपर्यंत काय हाती येणार?

चंदगडी
योजना आमच्या हक्काची आहे, सांगायला नको का? हे नाही तर पुढचे वाचतील.

येळ्ळूर_रोड
आयुष्मान नव्हे हो. कंपनीचं कार्ड. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या पॉलिसीत आई-वडील आहेत. ई-कार्ड मोबाइलवर आहे. दवाखाना नेटवर्कमध्ये आहे, विचारून घेतलंय.

टीपीए_डेस्क
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. आता तीन गोष्टी सांगा.
कार्डावर पॉलिसीची मुदत कधीपर्यंत आहे? कंपनीची ग्रुप पॉलिसी दरवर्षी नव्याने होते. त्या वेळी विमा कंपनी किंवा टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेमचं काम बघणारी संस्था) बदलला तर जुनं ई-कार्ड बाद होतं, पण मोबाइलमध्ये तेच राहतं.
या वर्षी वडिलांचं नाव भावाने भरलं होतं का? बऱ्याच कंपन्यांत आई-वडिलांची नावं दरवर्षी ठरावीक मुदतीत पुन्हा टाकावी लागतात.
आणि काउंटरच्या स्क्रीनवर नेमके कुठले शब्द आले? ‘पॉलिसी इनॅक्टिव्ह’, ‘मेंबर नॉट फाउंड’ आणि ‘डेटा मिसमॅच’ हे तीन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

घटप्रभा_७
एवढं कशाला? नोटरीकडे जाऊन ॲफिडेव्हिट करा, दोन्ही नावांची व्यक्ती एकच म्हणून. तासाभराचं काम. आपल्याकडे सगळा घोळ नावाचाच असतो.

येळ्ळूर_रोड
आत्ता बघितलं, कार्डावर ३१ मार्चपर्यंतच आहे. भाऊ म्हणतो एप्रिलमध्ये नवीन टीपीए आला, मेल आला होता, कार्ड डाउनलोड केलं नाही. आई-वडील दोघांची नावं यंदाही भरलीत. नवीन कार्ड काढून काउंटरवर दिलं तर आता ‘डेटा मिसमॅच’ येतंय. वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. कार्डावर इंग्रजीत डी-एन-वाय ने सुरू होतं, आधारवर जे-एन-ए ने.

टीपीए_डेस्क
सापडलं. मराठीत ज्ञ चा उच्चार द्न्य, म्हणून पुण्यात डी-एन-वाय. कन्नडमध्ये तोच ज्ञ इंग्रजीत जे-एन होतो, म्हणून इथल्या आधारवर आणि रेशन कार्डावर तसा उतरतो. दोन्ही बरोबर, पण मशीन अक्षरं जुळवतं, उच्चार नव्हे. आता जन्मतारीखही दोन्हीकडे जुळवून बघा. इथल्या वयस्कर माणसांच्या आधारवर पुष्कळदा १ जानेवारीच असते, आणि भावाने खरी तारीख भरली असेल तर हीच अडचण पुन्हा येईल.
ॲफिडेव्हिट फाइलला लावता येईल, पण यादीतलं नाव त्याने बदलत नाही. दवाखान्याला दिसते ती टीपीएकडची सदस्यांची यादी, आणि ती दुरुस्त होते एंडॉर्समेंटने, म्हणजे पॉलिसीतल्या नोंदीत अधिकृत बदल करून. ग्रुप पॉलिसीत ती फक्त कंपनीचा एचआर मागू शकतो. तुम्ही बेळगावातून कितीही फोन केले तरी नाही. भावाने आजच एचआरला मेल करावा, टीपीएला त्यात सीसी ठेवावा. मजकूर एवढाच: “कर्मचारी क्रमांक अमुक, सदस्य क्रमांक तमुक. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे करावं. गुरुवारी ॲडमिशन आहे. दुरुस्ती होईपर्यंत सदस्य वैध असल्याचं पत्र दवाखान्याच्या विमा डेस्कला मेल करावं.” सोबत आधारची प्रत. ते पत्र आलं की बरेच डेस्क पुढचं काम सुरू करतात. शोधायला सांगताना नावाने नको, कर्मचारी क्रमांकाने सांगा.

घटप्रभा_७
मग आधारवरच नाव बदलून घ्यावं, कायमचं काम होईल.

टीपीए_डेस्क
अजिबात नको. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आणि बदललं की बँक, पॅन, रेशन कार्ड, सातबाऱ्याच्या जागी इथे जो आरटीसी उतारा आहे तो, सगळीकडे नवा घोळ. पॉलिसी बदलणं सोपं, आधार नव्हे.

वेदगंगा
एवढ्या खटाटोपापेक्षा पैसे भरून नंतर क्लेम करा की. पैसे मिळतातच.

टीपीए_डेस्क
मिळतात, पण पन्नास-साठ हजार आधी उभे करायचे आणि महिनाभर वाट बघायची. शिवाय नाव चुकलेलं असेल तर रिइम्बर्समेंटलाही तोच प्रश्न येतो. दुरुस्ती दोन्हीकडे लागतेच, मग ती आत्ताच का नको?
२९ मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची, म्हणजे बिल थेट विमा कंपनीने भरण्याची, मागणी आली की विमा कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा, आणि डिस्चार्जची मागणी आल्यावर तीन तासांत अंतिम मंजुरी. पण हे घड्याळ दवाखान्याने मागणी पाठवल्यावर सुरू होतं. तुमचं प्रकरण अजून ओळखीवरच अडलंय, मागणी गेलेलीच नाही. म्हणून ‘एक तास झाला’ म्हणून काउंटरवर भांडून उपयोग नाही.

मलप्रभा_काठ
खोलीचं भाडं आधी बघा. विमा ३ लाखांचा आणि खोलीची मर्यादा १ टक्का असेल तर दिवसाला ३,००० मिळणार. ४,५०० ची खोली घेतली तर सर्जन, भूल, ओटी सगळ्यांचे दोन-तृतीयांशच पैसे मिळतात. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट या कपातीत येत नाहीत.

वेदगंगा
त्यांनी खोलीचं विचारलंच नाही.

मलप्रभा_काठ
विचारलं नाही म्हणूनच सांगूलालोय. डिस्चार्जच्या दिवशी कळून काय उपयोग?

येळ्ळूर_रोड
जन्मतारीख जुळली. एचआरचं पत्र काल संध्याकाळी आलं, डेस्कने मागणी पाठवली. मंजुरी ३८,००० ची आली, दवाखान्याचा अंदाज ७२,००० चा. बाकीचे आम्ही भरायचे का? भावाला पुण्याहून विमा लोकपालाकडे तक्रार करायला सांगू का?

टीपीए_डेस्क
थांबा, तक्रारीची वेळ आलेली नाही. ती पहिली मंजुरी आहे. शेवटचं बिल गेल्यावर वाढीव रक्कम मागितली जाते. मंजुरीपत्र उघडून वडिलांचा को-पे किती ते बघा, आई-वडिलांना बहुतेक १० किंवा २० टक्के असतो. तेवढे मात्र तुम्हालाच द्यावे लागतील. हर्नियाच्या जागी बसवतात त्या जाळीची किंमत पहिल्या मंजुरीत धरलेली नसेल तर फरक तिथलाच असेल. ऑपरेशन झालं की जाळीच्या पाकिटावरचं स्टिकर केस पेपरला लावलंय ना, बिलात जाळीचं इनव्हॉइस आहे ना, हे तुम्ही स्वतः बघा. ते नसलं तर वाढीव मंजुरी अडते आणि डिस्चार्ज संध्याकाळपर्यंत लांबतो.
लोकपाल पुढचं पाऊल. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लोकपाल. तुमचा पत्ता कर्नाटकातला असल्याने बेंगळुरूचं कार्यालय चालतं.

येळ्ळूर_रोड
को-पे १० टक्के लिहिलाय. स्टिकरचं उद्या सिस्टरना आधीच सांगून ठेवतो. डिस्चार्ज शनिवारी म्हणालेत. शनिवारी विमा डेस्क किती वाजेपर्यंत असतो?

टीपीए_डेस्क
तो आजच विचारून घ्या. आणि डॉक्टरांना शुक्रवारी रात्रीच डिस्चार्ज समरी तयार ठेवायला सांगा, म्हणजे बिल शनिवारी सकाळी पहिल्यांदा जाईल.