निवृत्तीनंतर गाव सुटलं की जवळचे मित्र नव्याने होतात का?

सांजवारा:
बाबा ६७ वर्षांचे. मिरज सोडून आमच्याकडे पुण्याला राहायला आलेत. बीपीची गोळी सुरू आहे. डॉक्टर म्हणाले, मित्र जमवा. व्हॉट्सअॅपवर पाच ग्रुप आहेत, पण दिवसभर घरातच. मैत्रीने तब्येतीत खरंच फरक पडतो, की हे आपलं म्हणायचं? आणि या वयात सुरुवात कुठून करायची?

नाडीपरीक्षा:
पडतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युलिअॅन होल्ट-लुन्स्टॅड यांच्या गटाने २०१० साली १४८ अभ्यास एकत्र तपासले, माणसं तीन लाखांवर. ज्यांचे नातेसंबंध घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. त्यात कुटुंबही धरलेलं आहे. पण "मुलगा-सून आहेत की घरात" म्हणून थांबू नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला, तिथे जास्त जगण्याशी संबंध दिसला तो मित्रमंडळींचा. मुलांचा आणि नातेवाइकांचा तसा दिसला नाही.
आजारी माणूस मुळात बाहेर कमी पडतो, म्हणून सगळं श्रेय मैत्रीला देता येत नाही. गोळी सुरूच ठेवा!

कट्टेकरी:
तासांचा हिशेब मांडा. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नव्या गावी गेलेल्यांना आणि कॉलेजात नव्याने आलेल्यांना विचारून अंदाज काढला: तोंडओळखीतून जुजबी मैत्री व्हायला ५० तास, मित्र म्हणावं इतपत ९०, जिवाभावाचा मित्र व्हायला २०० च्या वर. कट्ट्यावर रोज तास, आठवड्यात सहा दिवस धरले तर २०० तासांना आठ महिने लागतात. महिन्याच्या एका सभेने काय होणार?
म्हणून बाग एकच, वेळ एकच, बाकडंही तेच. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घाला आणि एखादं काम अंगावर घ्यायला लावा: चहाची वर्गणी, सहलीची यादी, काहीही. काम असलं की एक दिवस दांडी मारली तरी "आज आला नाहीत?" असा फोन येतो. दोन-तीन आठवड्यांनी त्यातल्या एकालाच घरी चहाला बोलवायचं. घोळक्यात बीपी आणि राजकारणापलीकडे बोलणं जात नाही.
एक चूक सर्रास होते: मुलगा सोबत जातो. मग ते तुमच्याशीच बोलत बसतात. फाटकापर्यंत सोडा आणि परत फिरा.
मिरजेचे मित्रही तोडू नका. आठवड्याला ठरलेल्या वेळी एक फोन. फॉरवर्ड म्हणजे बोलणं नव्हे.

सांजवारा:
दोनदा गेले होते. "गोंगाट असतो" म्हणून आता नको म्हणतात. टीव्हीही मोठ्याने लागतो.

नाडीपरीक्षा:
मग आधी कान. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा उंच सूर आधी जातात. आवाज येतो, पण स, श, फ निसटतात. चौघं एकदम बोलले की शब्दच लागत नाही. माणूस भलत्याच ठिकाणी हसतो, ओशाळतो, आणि जाणंच बंद करतो. घरचे म्हणतात, माणूसघाणे झाले.
कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या, मळ असेल तर तो निघू द्या, मगच ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. घरी इअरबड घालू नका, मळ आणखी आत जातो. तोवर कट्ट्यावर कडेची जागा धरायची, रस्त्याकडे पाठ, बरा कान मंडळींकडे.