ओळखींवर किती वर्षं निघतात?

कोल्हापुरात राहून पीआर, म्हणजे जनसंपर्काचं काम शिकता-करता येईल का, या प्रश्नावर वर कुणीतरी म्हटलंय की पीआर म्हणजे ओळखी, आणि त्या पुण्या-मुंबईतच होतात. निम्मं पटलं.

मी कोल्हापुरात सतरा वर्षं हेच काम करतोय. ओळखींवर पहिली चार-पाच वर्षं निघाली. मग ओळखीचे बातमीदार बदलून गेले, काहींनी पत्रकारिताच सोडली. उरलं काय, तर 'हा माणूस खोटं सांगत नाही' एवढं नाव. तेही एकदा जाता जाता राहिलं. एका क्लायंटने कामगारांचा थकलेला पगार दिला म्हणून सांगितलं, मी खातरजमा न करता पत्रक काढलं. पगार झालाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मीच फोन करून चूक सांगितली. क्लायंट गेला, बातमीदार राहिले.

आणि इथं शिकायला मिळत नाही असं कोण म्हणतं? जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, नाव मात्र घेतलं नाही. २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन असलेली आपली चप्पल! गदारोळ झाल्यावर प्राडाने महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला पत्र लिहून प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. तीच ओळ पहिल्या दिवशी लिहिली असती तर?

पुराचंही तसंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पाणी चढत असताना 'आमची सेवा अखंड' छापाची पत्रकं कोण वाचणार? कुठली शाखा बंद, कुठला नंबर चालू, एवढंच द्यायचं भावा.

इंग्रजी मात्र सुधारा. त्यात माझं नुकसान झालंय.