मदत हवी आहे: जुन्या इंग्रजी प्रार्थनेतल्या 'सॅटिस्फॅक्शन'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

आजीचं 'बुक ऑफ कॉमन प्रेअर' सध्या माझ्या टेबलावर आहे. अँग्लिकन चर्चचं प्रार्थनापुस्तक, मजकूर १६६२ सालचा. त्यातला प्रभुभोजनाचा विधी घरातल्या मुलांना मराठीत वाचता यावा, अशी तिची फार इच्छा होती. ते काम मी हाती घेतलंय आणि एका शब्दावर अडलेय.

अनोळखी शब्द त्रास देतील असं वाटलं होतं. पण 'ऑब्लेशन' म्हणजे अर्पण, हे शब्दकोश उघडला की कळतं. फसवलं ते रोजच्या शब्दांनी. 'प्रिव्हेंट अस, ओ लॉर्ड' वाचून मी थबकलेच. देवा, आम्हाला अडव? लॅटिनमध्ये 'प्रे' म्हणजे आधी, 'वेनिरे' म्हणजे येणं. आमच्या प्रत्येक कामात तुझी कृपा आमच्या आधी पोचू दे, असं ते मागणं आहे. आजीनं समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'पुढे हो'. मला याहून चांगलं सुचणार नाही, तेच ठेवलंय.

न्यायाधीशांनी 'इनडिफरंटली' न्याय करावा, म्हणजे निःपक्षपातीपणे. 'घोस्टली एनिमी'त भूत नाही, तो आत्म्याचा शत्रू, सैतान. 'क्विक अँड द डेड'मधला 'क्विक' म्हणजे जिवंत. पाऱ्याच्या 'क्विकसिल्व्हर' या नावात तो अर्थ अजून टिकून आहे. 'कम्फर्टेबल वर्ड्स'च्या पोटात लॅटिन 'फोर्टिस' आहे, बळकट. त्याला मी 'धीराची वचने' म्हटलंय.

आता खरी अडचण. ख्रिस्तानं क्रूसावर सगळ्या जगाच्या पापांसाठी यज्ञ, अर्पण आणि 'सॅटिस्फॅक्शन' केलं, असं मुख्य प्रार्थनेत आहे. इथं आजीनं 'समाधान' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय. तिची शंका रास्त होती. मूळ लॅटिन अर्थ 'पुरेसं करणं', म्हणजे देणं पुरतं चुकवणं. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी हा विचार मांडला: पाप करून माणूस देवाचा मान हिरावतो, ते देणं त्याला स्वतःला फेडता येत नाही, म्हणून देव माणूस झाला.

'भरपाई'ला विम्याच्या कागदांचा वास येतो. 'प्रायश्चित्त' ज्याचं त्यानं घ्यायचं असतं, इथं तर दुसऱ्यानं सोसलंय. शिवाय त्याच विधीत बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन येतं, त्यातल्या 'प्रोपिशिएशन'साठी, म्हणजे पापांमुळे ओढवलेला देवाचा कोप शांत करण्यासाठीच्या अर्पणासाठी, मला 'प्रायश्चित्त' लागणारच आहे. दोन्हीकडे एकच शब्द घातला तर फरक पुसला जाईल.

माझं मन 'फेड'वर बसलंय. ऋण फेडतात, नवस फेडतात, पापही फेडतात. ताटात अन्न टाकलं की आजीच म्हणायची, 'कुठं फेडाल ही पापं!' वेदीसमोर म्हणताना हा शब्द फार घरगुती वाटेल का? की घरचा आहे म्हणूनच मुलांच्या मनात उतरेल?

तुमच्या मंडळीत या जागी काय म्हणतात? घरात जुनं मराठी उपासनापुस्तक असेल तर ते वाक्य जसंच्या तसं इथं उतरवून द्याल का? वसईकडच्या कॅथलिक मंडळींनीही जरूर लिहा, तुमच्याकडे या अर्थाला कोणता शब्द रुळलाय ते मला हवंय.