शब्दचर्चा: संमती, परवानगी, मान्य... आणि 'नको'

अनुवादक:
नवं अ‍ॅप उघडलं की पाठोपाठ चौकटी येतात. एक अटींची, एक कुकींची (साइट आपल्या फोनमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींची), एक कॅमेरा-लोकेशनची, एक नोटिफिकेशनची. मराठी आवृत्तीत त्यांच्या बटणांवर 'स्वीकारा', 'सहमत', 'अनुमती द्या', 'मंजूर', 'ठीक आहे' यांतलं काहीही सापडतं. जणू हे सगळे शब्द एकाच अर्थाचे! कुठे कोणता शब्द वापरावा, आणि का?

मुद्रितशोधक:
क्रियापद जोडून पाहा, फरक लगेच कळतो. परवानगी मागतात, देतात, नाकारतात. वस्तू ज्याच्या ताब्यात, त्याने ती द्यायची. कॅमेरा, माइक, संपर्कयादी फोनधारकाची आहे, म्हणून तिथे 'परवानगी'च. अनुमतीला वडीलधाऱ्यांचा, सभेच्या अध्यक्षांचा सूर आहे. सहमती दोन पक्षांत 'होते'. जिथे एक अक्षर बदलून घेता येत नाही अशा अटींना सहमती म्हणणं चूकच. अटींना 'मान्य' बरोबर बसतं. आणि संमती लागते ती आपल्याबाबत कुणी काही करणार असेल तेव्हा: शस्त्रक्रियेला, लग्नाला, स्पर्शाला आणि आपली माहिती वापरण्याला.

'मंजूर' मात्र इथे नकोच. तो अरबीतून आलेला, 'नजर'च्याच धातूपासूनचा शब्द. मूळ अर्थ 'पाहिलेलं'. न वाचता दाबल्या जाणाऱ्या बटणावर तो शोभत नाही.

लेखनाचं एक: 'संमती' एकटी असताना दीर्घ, पण समासात 'संमतिपत्र', 'संमतिवय' असं ऱ्हस्व. 'संमतीपत्र' सगळीकडे दिसतं, तरी नियमाने चूक आहे.

अनुवादक:
आणि लिंगाचं काय करायचं? 'मी मान्य करतो' लिहिलं की अर्ध्या वापरकर्त्या बाहेर. 'करतो/करते' बटणात मावत नाही.

मुद्रितशोधक:
'मला मान्य आहे', 'माझी संमती आहे'. वाक्य असं फिरवलं की लिंगाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय बोलणारा कोण हे ठरतं. 'संमती द्या' हे अ‍ॅपचं बोलणं, तेही आज्ञार्थी. चौकटीतला प्रश्न अ‍ॅपचा असतो, बटण म्हणजे माणसाचं उत्तर. म्हणून ते माणसाच्या तोंडचं हवं.

प्रोग्रामर:
शब्द चुकतात त्याला एक तांत्रिक कारणही आहे. मजकूर सुटा सुटा होऊन भाषांतराला जातो. गेटटेक्स्टसारख्या, अ‍ॅपमधला मजकूर भाषांतरासाठी वेगळा काढणाऱ्या साधनात मूळ शब्द तोच असेल तर त्याची एकच नोंद होते आणि एकच भाषांतर सगळीकडे लागतं. 'कॅन्सल'चं 'रद्द करा' एकदा ठरलं की मग अशी चौकट तयार होते: 'सदस्यत्व रद्द करायचं आहे का?' खाली दोन बटणं, 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. कोणतं दाबलं की सदस्यत्व जाईल? दोन्हींनी जाईल असंच वाटतं. उपाय म्हणजे प्रोग्रामरने प्रत्येक जागेच्या नोंदीला संदर्भ जोडून द्यायचा, म्हणजे वेगळं भाषांतर करता येतं. मग लिहावं: 'हो, सदस्यत्व बंद करा' आणि 'नको, राहू द्या'. चौकटीतून नुसतं परत फिरायचं तिथे 'मागे'. 'रद्द' फक्त झालेला व्यवहार मोडायला.

परवानगीच्या मुदतीतही घोटाळा होतो. अँड्रॉइड ६ (२०१५) च्या आधी सगळ्या परवानग्या अ‍ॅप घेतानाच द्याव्या लागत. एक नको असेल तर अ‍ॅपच सोडायचं. नंतर त्या गरजेच्या वेळी विचारल्या जाऊ लागल्या. आवृत्ती १० मध्ये लोकेशनसाठी 'अ‍ॅप वापरात असतानाच' आणि ११ मध्ये 'फक्त या वेळी' हे पर्याय आले. हा शेवटचा जपून लिहावा. 'एकदाची परवानगी द्या' असं लिहिलं तर 'देऊन टाका एकदाची' असा उलटाच अर्थ होतो.

वाचक:
एवढा काथ्याकूट कशाला? 'अ‍ॅक्सेप्ट' सगळ्यांना कळतं. 'संमती' वाचून लोक थबकतात.

मुद्रितशोधक:
इथे थबकायलाच हवं. 'सेव्ह', 'डाउनलोड' तसेच राहू द्या, तिथे काही बिघडत नाही. संमतीचं तसं नाही. या शब्दावर मराठीत मोठा वाद झालेला आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचं शरीरसंबंधासाठीचं संमतिवय १० वरून १२ वर नेलं. आगरकर त्याच्या बाजूने उभे राहिले, टिळकांचा सरकारी हस्तक्षेपाला विरोध होता. पण संमतीला वय लागतं हे त्या कायद्यातच होतं. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याचा होकार संमती ठरत नाही. आज तोच प्रश्न मुलांच्या खात्यांबाबत येतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ही मर्यादा १८ वर्षांची आहे. त्याखाली पालकांची संमती लागते.

प्रोग्रामर:
युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. संमती देणं जितकं सोपं, काढून घेणंही तितकंच सोपं हवं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हे तिथल्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला सांगितलं. म्हणजे 'मौनं संमतिलक्षणम्' इथे चालत नाही.

मुद्रितशोधक:
म्हणून नकाराच्या बटणाची काळजी जास्त घ्यायला हवी, आणि मराठीकडे त्यासाठी 'नको' आहे. 'नाही' वस्तुस्थिती सांगतो, 'नको' इच्छा सांगतो. हिंदीला त्यासाठी 'नहीं चाहिए' असे दोन शब्द लागतात. 'नको'ला लिंग नाही, आणि दोन अक्षरं कुठल्याही बटणात मावतात. 'नाकारा' कोरडं आणि पुन्हा आज्ञार्थी. 'नंतर' हा नकार नाहीच, होकार पुढे ढकललेला असतो. 'हो' आणि 'नंतर' एवढीच बटणं देणं ही फसवणूक आहे. 'नको, मला सुरक्षित राहायचं नाही' असं माणसाच्या तोंडी घालणं त्याहून वाईट.

अनुवादक:
मग कुकींची चौकट अशी: 'तुम्ही काय पाहता याची नोंद ठेवून त्यानुसार जाहिराती दाखवू का?' बटणं 'चालेल' आणि 'नको'.

मुद्रितशोधक:
प्रश्न उत्तम. 'चालेल' मात्र बदला. मनापासूनचं 'चालेल' आणि नाइलाजाचं 'चालेल' सुरावरून कळतं, आणि बटणाला सूर नसतो. 'हो' आणि 'नको' ठेवा, दोन्ही एकाच आकारात, एकाच रंगात.

प्रोग्रामर:
आणि सेटिंगमध्ये 'संमती काढून घ्या' ही ओळ पहिल्याच पानावर द्या, तीन पायऱ्या आत नको.