योगासनांचा पहिला महिना : नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती : सतरंजी

गेल्या सोमवारी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मी पहिल्यांदा योगवर्गाला गेले. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढे वाकताना, बाकीच्यांची बोटं पायाच्या अंगठ्याला, माझी गुडघ्याच्या जरा खाली. शेजारच्या काकू, वय सहज सत्तर, कपाळ गुडघ्याला टेकवून तिथूनच म्हणाल्या, "होतं गं हळूहळू." धीर येण्याऐवजी मला रडूच आलं.

आपल्या गावात योग शिकवणाऱ्यांची वाण नाही. २०१८चा पंतप्रधान योग पुरस्कार नाशिकच्याच विश्वास मंडलिकांना मिळाला होता. त्याखेरीज कॉलनीचे हॉल आहेत, देवळांचे सभामंडप आहेत. अडचण माझ्यासारख्या शिकणाऱ्यांची आहे. तेव्हा कृपा करून फायदे लिहू नका, ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतात. पहिला महिना लिहा. काय दुखलं, काय जमलं नाही, कधी सोडलं, परत का धरलं.

जेलरोडकर

ताई, मी नोटप्रेसमधून निवृत्त. आयुष्य मशीनपाशी उभं राहण्यात गेलं, त्यामुळे मांडी घालून बसायचं म्हटलं की गुडघे कुरकुरतात.

पहिल्याच दिवशी घोळ केला. शुगरची गोळी नेहमीप्रमाणे उठल्या उठल्या घेतली आणि "रिकाम्या पोटी या" म्हणाले होते म्हणून तसाच गेलो. चौथ्या सूर्यनमस्काराला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. लोकांना वाटलं, काकांनी जोर लावला. एका बाईंनी ओळखलं आणि पर्समधली चॉकलेटं खायला लावली. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्या गोळीची वेळ बदलून नाश्त्याला लावली. ज्यांना गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी वर्गाची फी भरण्याआधी हे विचारून घ्या. माझ्या खिशात आता खडीसाखर असते.

वज्रासनात घोटे दुखत असतील तर घोट्यांखाली नॅपकिनची गुंडाळी ठेवा, पोटऱ्या आणि मांड्यांच्या मध्ये उशी. मी वीस सेकंदांपासून सुरुवात केली. दिवाळीपर्यंत पाच मिनिटं बसायला लागलो. जेवणानंतरही करायला चालतं असं हे आसन, म्हणून माझं लाडकं.

तिसरी पाळी

अंबडला कंपनीत आहे. फर्स्ट शिफ्ट सातची, म्हणजे सहाचा वर्ग बाद. नाइट करून आलो की वर्ग नाही, गादी दिसते. आतापर्यंत तीनदा फी भरली, तीनदा सोडलं. हल्ली आंघोळीआधी पंधरा मिनिटं पवनमुक्तासन आणि भुजंगासन, पाळी कुठलीही असो. वेळ बदलते, आंघोळ चुकत नाही.

गोदाकाठ

माझी गोष्ट मूर्खपणाची आहे. मोबाइलवर बघून शिकलो. ऑफिसच्या ग्रुपवर रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कारांचं आव्हान आलं. मी तोवर एका वेळी बाराच्या पुढे गेलो नव्हतो, पण 'हो' टाकून मोकळा झालो. साठाच्या आसपास मनगटं गेली, नव्वदीत कंबर. शेवटचे दहा म्हणजे नमस्कार नव्हते, लोटांगणं होती. दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरलो.

आजीनं तेल लावता लावता ऐकवलं, "समर्थ टाकळीला रोज बाराशे घालायचे म्हणतात, तुझे एकशेआठात हे हाल!" टाकळीचा मठ आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर, त्यामुळे हे उदाहरण मला लहानपणापासून कशालाही मिळतं.

नंतर एका सरांसमोर घालून दाखवले. त्यांनी तिसऱ्यालाच थांबवलं. मी अख्खा नमस्कार श्वास कोंडून घालत होतो! मागे वाकताना श्वास घ्यायचा, पुढे वाकताना सोडायचा, एवढं साधं. व्हिडिओत श्वास दिसत नाही ना. तीनपासून परत सुरू केलं, दर आठवड्याला एक वाढवत.

पंचवटी_माहेर

मी वर्ग लावला नाही. साडेपाचला नळ येतो, सहाला डबे, सातला रिक्षाकाका. वर्ग कधी लावणार? मैत्रीण जायची, ती दर रविवारी गच्चीवर मला आठवड्याचं शिकवायची. शिकवणीची शिकवणी.

सासूबाईंना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, "आम्ही पहाटे उठून जातं ओढलं, विहिरीचं पाणी शेंदलं, आम्हाला कुणी आसनं शिकवली?" यावर उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्या चुकतही नव्हत्या. तर एका रविवारी मैत्रिणीनं चक्कीचालनासन शिकवलं. पाय पसरून बसायचं, दोन्ही हात गुंफायचे आणि जातं फिरवल्यासारखे मोठे गोल घ्यायचे. मी फिरवत होते. सासूबाई पापड उलटायला आल्या होत्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि मग राहवलंच नाही. "अगं, हातानं काय ओढतेस? दळण कंबरेतून येतं. पुढे जाताना पोट आत घे, मागे येताना पाठ सैल सोड." खाली बसल्या, साडी आवरली, पाय पसरले आणि असा सुरेख गोल काढला की मैत्रीण म्हणाली, "काकू, रविवारी तुम्हीच घ्या." ओवीसुद्धा म्हणाल्या, अर्धीच. पुढची आठवेना म्हणून चिडल्या.

आता त्या रोज येतात, पण माझ्या आसनांना अजून "तुझं ते" म्हणतात. स्वतः करतात ते दळण.

मला सगळ्यात अवघड गेलं ते शवासन. पडलं की डोक्यात याद्या: गॅस बंद केला का, कुकरची शिट्टी, ट्रिपची फी. पंधराएक दिवसांनी एकदा खरोखर सगळं थांबलं आणि मी घोरायला लागले. मुलगी वर येऊन ओरडली, "आई, तू योगा करतेयस की झोपलीयस?" शवासनात झोपायचं नसतं म्हणतात. मी सहा वर्षांत दिवसाउजेडी झोपले नव्हते, मला चालेल.

आता_बरी_आहे

थोडं कडू लिहिते. माझ्या पहिल्या वर्गात शिकवणाऱ्यांनी पुढे वाकलेल्या मला पाठीवर दाब देऊन आणखी खाली ढकललं. "सोडा शरीर, सोडा!" आत काहीतरी चटकन झालं. पुढचे दोन महिने खुर्चीवर बसताना नितंबाच्या हाडापाशी कळ यायची. फिजिओथेरपिस्टनी सांगितलेलं लक्षात ठेवलंय: मांडीमागे मधोमध ताण जाणवला तर हरकत नाही, पण बसायच्या हाडाशी, गुडघ्यामागे किंवा पाठीत टोचलं तर तिथेच थांबायचं.

नंतर घरी पतंजलींची योगसूत्रं वाचायला घेतली, रागानंच. एकशे शहाण्णव सूत्रांत आसनावर जेमतेम तीन आणि त्यातलं पहिलं "स्थिरसुखमासनम्". सुख! मला कुणी हा शब्द आधी सांगितला नव्हता. नव्या वर्गात पहिल्या दिवशीच मी म्हणाले, "मला हात न लावता, तोंडी सांगा." बाईंनी 'बरं' म्हटलं आणि दोन लाकडी ठोकळे आणून दिले. जमिनीला हात पोचत नाही तर जमीन वर आणायची, अय्यंगार पद्धतीतली युक्ती. घरी मी जाड टेलिफोन डिरेक्टऱ्या वापरते. शेवटी कामाला आल्या.

कृषीनगर_चार_फेऱ्या

मला नाही जमलं. डोळे मिटले की कंटाळा येतो. जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या, मग मिसळ. धागा वाचतोय मात्र.

दिंडोरीचा द्राक्षवाला

आमचं उलटं आहे. मांडवाखाली थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करताना, हात दिवसभर वर, मान वर. म्हणजे ताडासन आठ तास. वर्गात परत हात वर करायला सांगितले तेव्हा हसूच आलं. सरांना अडचण सांगितली तर त्यांनी माझं सगळं जमिनीवर आणलं: मकरासन, सेतुबंध, पाय भिंतीला लावून पडणं. मानेला यानं फरक पडला, पण दोनेक महिन्यांनी.

ऑक्टोबर छाटणी लागली की सगळं सुटतं, माल निघाला की परत धरतो. दर वर्षी मी नवशिकाच. बीपीची गोळी चालू आहे म्हणून जोराची कपालभाती मला बंद केली आहे, अनुलोम-विलोम चालतं, श्वास न रोखता. शेजारचा टीव्हीवर बघून भसाभसा करायचा, चक्कर येऊन पडला. त्यालाही बीपीच.

सतरंजी

सगळ्यांचं वाचून काढलं. @पंचवटी_माहेर, सासूबाईंना ती ओवी आठवली तर नक्की लिहा.

माझी बोटं आता गुडघ्याखाली चार बोटं उतरली आहेत. आज त्या शेजारच्या काकूंना विचारलं, तुम्हाला अंगठा धरायला किती दिवस लागले? म्हणाल्या, "दिवस? तीन पावसाळे. आणि पाठीच्या दुखण्यात एकदा सुटला होता, तो परत धरायला आणखी एक."

कृषीनगर_चार_फेऱ्या

ताई, तुमचा वर्ग किती वाजता सुटतो? आमच्या मिसळीच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी असते.

सतरंजी

सातला. मिसळवाला कधी उघडतो?

कृषीनगर_चार_फेऱ्या

आठला. मधला तासभर शवासन करा.