तक्रारी नोंदवणारे संकेतस्थळ झाले, पण त्या कार्यालयात पुढे सरकत नाहीत. काय करावे?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सात स्वयंसेवकांनी नोकऱ्या सांभाळून, सुट्टीच्या दिवशी बसून, आठ महिन्यांत एक संकेतस्थळ उभे केले. रस्त्यातला खड्डा, बंद पडलेला दिवा किंवा तुंबलेले गटार दिसले की नागरिकाने छायाचित्र काढायचे, नकाशावर जागा दाखवायची आणि ती तक्रार ईमेलने स्थानिक प्रशासनाकडे जायची, इतकी साधी ही कल्पना. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे चारशे तक्रारी आल्या. त्यांतल्या नऊ सुटल्या. त्याही आमच्यामुळेच सुटल्या, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. एकदा तक्रार केलेली माणसे आता पुन्हा फिरकत नाहीत. आमच्या गटात दोन तट पडले आहेत. प्रशासनाशी रीतसर करार करून आत शिरावे, असे काहींचे म्हणणे आहे. तर बाहेर राहून न सुटलेल्या तक्रारींचा आकडा जाहीर करत राहावा, असे इतरांना वाटते. ज्यांनी असे काम केले आहे त्यांचा अनुभव ऐकायला आवडेल.

टाचणी

तट नंतर मिटवता येतील. आधी एक विचारतो: तुमचा ईमेल त्या कार्यालयात कोण उघडतो, हे तुमच्यापैकी कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का?

आमच्या अशाच एका उपक्रमात आम्ही वर्षभराने हे पाहायला गेलो. एक लिपिक रोज सकाळी सामाईक पत्त्यावरचे ईमेल छापून घेत, आवक नोंदवहीत चढवत आणि संबंधित विभागाच्या ट्रेमध्ये ठेवत. छपाई काळी-पांढरी असल्यामुळे आमच्या छायाचित्रातला खड्डा झाडाच्या सावलीसारखा दिसत होता, आणि नकाशाचा दुवा म्हणजे कागदावर दोन ओळी भरून पसरलेली अक्षरे आणि आकडे! त्या कागदावरून जागा शोधणे कोणालाही शक्य नव्हते. मग आम्ही मजकुरातच जवळचा चौक आणि दिव्याच्या खांबाचा क्रमांक लिहू लागलो, आणि सुट्या ईमेलऐवजी प्रत्येक विभागाला दिवसाची एकच यादी पाठवू लागलो. संकेतस्थळावर काहीच बदलले नाही, तरी उत्तरे येऊ लागली. ही सूचना त्या लिपिकांनीच केली होती. आम्हाला ती सुचलीच नसती.

ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने 2007 मध्ये सुरू केलेले फिक्समायस्ट्रीट हे अशाच तक्रारींचे संकेतस्थळ आपण पाहिले असेलच. लोकांना त्यातला नकाशा दिसतो, पण त्याचे खरे बळ मागच्या तक्त्यात आहे: कोणत्या जागेवरची, कोणत्या प्रकारची तक्रार कोणत्या कौन्सिलकडे (तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे) आणि कोणत्या पत्त्यावर जावी. आपली तक्रार कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येते, हे नागरिकाला ठाऊक असावे लागत नाही. शिवाय चार आठवड्यांनी ते तक्रारदारालाच विचारते, की काम झाले का. ही प्रणाली मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिचा कोड कोणालाही घेऊन वापरता येतो. तुम्ही आठ महिने स्वतंत्र बांधणीत घालवण्यापूर्वी ती तपासली होती का, हा प्रश्न जरा बोचेल, पण विचारल्यावाचून राहवत नाही.

उंबरठा

टाचणी यांच्याशी सहमत आहे. मी फक्त आत-बाहेरच्या वादाविषयी लिहितो.

तैवानमध्ये 2012 मध्ये सुरू झालेल्या गव्ह-झीरो या स्वयंसेवकांच्या चळवळीने यावर एक मासलेवाईक तोड काढली. काही सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्यातल्या ‘गव्ह’ (gov) मधील ‘ओ’ अक्षराच्या जागी शून्य टाकले, की त्याच विषयाचे स्वयंसेवकांनी केलेले पर्यायी संकेतस्थळ उघडते. सुरुवातीच्या कामांत सरकारी अर्थसंकल्प सामान्य माणसाला कळेल अशा आकृत्यांत मांडणे हे एक होते. कामाचा परवाना खुला ठेवल्यामुळे सरकारला ते हवे तेव्हा उचलता येते. म्हणजे करार नाही आणि भांडणही नाही.

तरीही नुसते बाहेर राहून भागत नाही. 2020 च्या फेब्रुवारीत तिथे मास्कचा तुटवडा होता. कोणत्या दुकानात मास्क आहेत हे दाखवणारा पहिला नकाशा एका प्रोग्रॅमरने लोकांनी कळवलेल्या माहितीवर बनवला होता, आणि गर्दी इतकी झाली की नकाशासेवेचे बिल त्याच्या आवाक्याबाहेर गेले. पुढे सरकारने औषध दुकानांतल्या साठ्याची माहिती खुली केली, तेव्हा अनेकांनी आपापले नकाशे बनवले आणि ते भरवशाचे ठरले. स्वयंसेवकांकडे वेग होता, पण साठ्याची खरी नोंद सरकारी आरोग्य विमा यंत्रणेकडेच होती. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर कराराआधी माहिती मागितली असती: तक्रार क्रमांक, सध्याची स्थिती, बंद केल्याची तारीख. करारात मात्र एक धोका आहे. संकेतस्थळ मध्यरात्री बंद पडले तर जबाबदार तुम्ही, आणि मोबदला शून्य.

तिसरा खांब

काही कामे कार्यालयाला मध्ये न घेताही होतात, हे विसरू नये. कोड फॉर अमेरिका या संस्थेच्या फेलोंनी, म्हणजे ठरावीक काळ शहरांसाठी काम करणाऱ्या तंत्रज्ञांनी, बॉस्टनसाठी बनवलेल्या एका संकेतस्थळावर नागरिक अग्निशमनाचा एखादा नळखांब ‘दत्तक’ घेत आणि त्यावर साचलेला बर्फ स्वतः उपसत. हवाईतल्या होनोलुलू शहराने तोच कोड त्सुनामीच्या भोंग्यांची देखरेख नागरिकांकडे सोपवण्यासाठी वापरला. तुमच्या चारशे तक्रारींत अशा किती आहेत, ते चाळून पाहा.

आणि एक काळजी घ्या. तक्रारदाराचे नाव आपोआप जाहीर होत असेल तर ते आजच थांबवा. दिव्याच्या तक्रारीने कोणी चिडणार नाही, पण बेकायदा बांधकामाच्या तक्रारीने शेजारी नक्की चिडेल.

पायवाट

सर्वांचे आभार. टाचणी, तुमचा प्रश्न बोचला खरा. तयार प्रणाली आम्ही पाहिली होती. स्वतःचे बनवण्याच्या हौसेपायी बाजूला ठेवली. नावे जाहीर होत होती, ती काल रात्रीच बंद केली. आमच्यातले दोघे या आठवड्यात रजा काढून कार्यालयात जाणार आहेत. सोबत आमच्याच दहा तक्रारींच्या काळ्या-पांढऱ्या प्रती नेत आहोत. घरी छापून पाहिल्या, तेव्हा त्यांतल्या सहा ठिकाणांची जागा आम्हालाही ओळखता आली नाही.